अळवावर बुरशीनाशक: एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरून

मेटॅलॅक्झिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के ही करप्यावर, म्हणजे पानं करपवणाऱ्या रोगावर, मारायची बुरशीनाशक भुकटी कशी असते, कशी कालवायची, ते अळू लावणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. लिहायचं कारण वेगळं आहे. दुकानात मला आधी भलतंच औषध दिलं गेलं, आणि ज्या वस्तूने खरा फरक पडला ती या पुडक्यात नव्हतीच.

आधी दुकानाचं. आमचे अळवाचे वाफे रत्नागिरीच्या बाजूला, सुपारीच्या बागेला लागून. मुख्यतः अळकुड्यांसाठी, म्हणजे कंदांसाठी, लावण मृगावर. आषाढात पानांवर पाणी झिरपल्यासारखे डाग आले, मग तपकिरी वर्तुळं एकात एक, त्यांच्यावर पिवळट-तांबूस थेंब. संततधार लागली आणि चार-पाच दिवसांत अख्खी पानं कागदासारखी लोंबायला लागली. डागी पान घेऊन कृषी सेवा केंद्रात गेलो, तर काउंटरवरच्या माणसाने त्याकडे न बघताच कार्बेन्डाझिम या दुसऱ्याच बुरशीनाशकाची पुडी पुढे केली. अळवाचा करपा फायटॉप्थोरा कोलोकेसी या बुरशीसारख्या जिवामुळे येतो. ती खरी बुरशी नव्हे, तिचे बीजाणू पाण्यातून पोहतात, आणि कार्बेन्डाझिम तिच्यावर चालतच नाही. सुपारीची फळं सडवून गाळणारा कोळेरोगही फायटॉप्थोराचाच. जिथे दर पावसाळ्यात माणसं सुपारीवर चढून बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारतात, तिथे औषध विकणाऱ्याला एवढं ठाऊक असायला हवं. न फोडलेली पुडीही परत घेईनात. बराच वाद झाल्यावर तिच्या बदल्यात वरची भुकटी मिळाली.

आता औषध. लिटरला अडीच ग्रॅम, पाठीवरच्या पंपाने, उघडीप बघून. यातलं मेटॅलॅक्झिल पानात शिरतं आणि रसाबरोबर वर सरकतं, मॅन्कोझेब पानावर बाहेरून थर धरतं. कागदावर जोडी उत्तम आहे, पण अळवाच्या पानावर थर धरणार कसा? फवारा पडला की मोती होऊन घरंगळतो आणि देठाशी मातीत जातो. अळवावरचं पाणी म्हणतात ते हेच, फक्त इथे प्रत्येक थेंब पैसे मोजून आणलेला. पहिल्या फवारणीनंतर वाकून पानं पाहिली तर मधल्या शिरेजवळच्या खळग्यात औषध साचलेलं आणि बाकी पान कोरडं ठणठणीत.

म्हणून पुढच्या वेळी सिलिकॉनचं स्टिकर, म्हणजे औषध पानावर पसरवून धरणारं द्रावण, आणलं. लिटरला जेमतेम अर्धा मिली. त्याच पंपाने, त्याच नोझलने मारलं आणि थेंब पानावर पसरला! अख्खं पान ओलसर, एकही मोती नाही. मी बराच वेळ एकेका पानावर बोट फिरवून बघत होतो. पानाची खालची बाजूही नीट भिजली. शिवाय आधी दर टाकीतलं जेवढं औषध मातीत जात होतं ते वाचलं, त्यामुळे कमी टाक्यांत तेवढेच वाफे झाले. औषधाच्या खर्चापुढे स्टिकरचा खर्च किरकोळ आहे. तरीही दुकानात ते कोणी आपणहून सुचवत नाही, याचा मला अजून संताप येतो. स्टिकर नसेल तर अळवावर कुठलंच बुरशीनाशक मारू नका, मग ते बोर्डो असो की कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं औषध.

त्यानंतर नव्या पानांवर डाग खूप कमी झाले. निरोगी अळवाचं पान साधारण ४० दिवस टिकतं, करप्यात त्याच्या निम्मंही टिकत नाही, आणि पानं गेली की अळकुडी पोसणार कशावर? सामोआत १९९३ साली हा रोग पोहोचला आणि त्यांची अळकुड्यांची निर्यात कोसळली, इतका तो वाईट. एक फवारणी मेटॅलॅक्झिलची, पुढची कॉपर ऑक्सिक्लोराइडची अशी आलटूनपालटून केली. एकच औषध सारखं मारलं की रोग त्याला सरावतो. डागी पानं कापून वाफ्याबाहेर नेऊन जाळली, आणि हे काम फवारणीइतकंच महत्त्वाचं आहे.

श्रावणात कोणी विचारलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते. गणपती जवळ आले आणि मत बदललं.

ऋषिपंचमीच्या भाजीला, फदफद्याला, वड्यांना पानांची मागणी याच दिवसांत, आणि करप्याचा जोरही याच दिवसांत. पुडक्यावर बटाट्याचा उशिरा येणारा करपा आहे, द्राक्षाचा केवडा रोग आहे, अळवाचं नाव नाही. मग फवारल्यानंतर किती दिवसांनी पान खायचं, हे कोण सांगणार? फवारलेल्या वाफ्यातलं एकही पान मी विकलं नाही, घरातही आणलं नाही. भाव चांगला असताना हात बांधून बसणं जिवावर आलं, पण दुसऱ्याच्या ताटात ते पान घालणं मला जमणार नाही.

यंदा म्हणून लावणच हलवली. फेब्रुवारीअखेर, वरंब्यावर, ६० बाय ४५ सेंटिमीटरवर, २०-२५ ग्रॅमचे निरोगी कंद. या रोगाला रात्री २०-२२ अंश, दिवसा २५-२८ अंश आणि तासन्‌तास ओलं पान लागतं. चैत्र-वैशाखात आमच्याकडे यातलं काहीच नसतं. पाटाचं पाणी दिलं, वर सुक्या पानांचा पातेरा अंथरला. मे महिन्यात विहिरीने ओढ दिली तेव्हा काळजी वाटली, पण पातेऱ्याने ओल धरली. मृगाआधीच पानं विकायला सुरुवात झाली, फवारणीशिवाय. पाऊस आला तेव्हा झाडं भरली होती. करपा आलाच, पण तोवर अळकुड्या धरल्या होत्या. फवारणी फक्त कंदासाठी राखलेल्या वाफ्यांवर, तीही मोजकी. पानांसाठी कोंकण हरितपर्णी या अळवाच्या जातीचा वाफा लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवला.

पाणी असेल तर हंगाम बदला, नसेल तर मृगावर लावून कंदापुरतं हे औषध घ्या. औषधाला आता साडेतीन, स्टिकरला पूर्ण पाच. आमच्या दुकानात ते आतल्या कपाटात असतं, मागितल्याशिवाय काढत नाहीत.