गावतळे की धरणाचा फुगवटा? पुण्याजवळ गळ टाकणाऱ्यासाठी ऋतूवार तुलना

पुण्यात राहून गोड्या पाण्यातले मासे गळाने धरायला शिकावे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांना आधी पाणी निवडावे लागते. पुरंदर, शिरूर, दौंड या कमी पावसाच्या तालुक्यांत पाझर तलाव आणि गावतळी विखुरलेली आहेत. पश्चिमेला पानशेत, पवना, मुळशी आणि सोलापूरच्या वाटेवर भिगवणजवळ उजनी, असे धरणांचे विस्तीर्ण फुगवटे आहेत. माझे मत असे की नवशिक्याने दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत लहान तळ्यावर बसावे, फाल्गुनापासून धरणाकडे वळावे आणि पावसाचे पहिले दोन-अडीच महिने गळ बाजूला ठेवावा.

शहरातील तलाव मी या तुलनेत धरलेले नाहीत. पाषाण तलावात रामनदीबरोबर मैलापाणी येते आणि जलपर्णी माजते, तर कात्रजचा पेशवेकालीन तलाव आज प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे. देहूच्या डोहातील मासे श्रद्धेने राखलेले आहेत. तिथे गळ टाकण्याचा विचारही करू नये.

परवानगीच्या बाबतीत लहान तळे सोपे वाटते, पण तसे नसते. बहुतेक तलावांचा मासेमारीचा ठेका एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे किंवा गावातील ठेकेदाराकडे असतो आणि पाण्यात सोडलेल्या बोटुकलीवर (बोटाएवढ्या पिल्लांवर) त्यांचे पैसे लागलेले असतात. सुरुवातीच्या काळात पुरंदरमधील एका तलावावर मी कोणालाही न विचारता बसलो होतो. ठेकेदाराच्या माणसाने हे बीज आम्ही सोडले आहे असे शांतपणे सांगितले, तेव्हा मला फार अपराधी वाटले. तेव्हापासून मी आधी गावात विचारतो. धरणावरही ठेका असतोच. शिवाय खडकवासल्याच्या एका काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची हद्द आहे आणि ते पाणी शहराच्या पिण्याचे आहे, हे ध्यानात ठेवावे.

पावसाळ्याची तुलना थोडक्यात आटोपते, कारण त्या दिवसांत दोन्ही पाणी टाळावीत. मृगाच्या सरींनंतर ओढ्यांना पाणी आले की गाबोळीने भरलेले चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर सरकतात, आणि तेव्हा एक मादी मारणे म्हणजे पुढच्या वर्षाचे पीक कापणे होय. त्याच दिवसांत मरळीचे नर-मादी पृष्ठभागाजवळ पिल्लांच्या थव्याची राखण करत असतात. पालक मासा उचलला की तो थवा इतर माशांच्या तोंडी जातो. धरणाच्या दरवाजांखाली नदीपात्रात उभे राहणे तर जिवावर बेतू शकते, कारण विसर्ग वाढला की पाणी फार वेगाने चढते. पुढे श्रावणात आपल्याकडील अनेक घरांत मासे शिजत नाहीत, त्यामुळे ही विश्रांती घरच्यांनाही सोयीची असते.

गणपती उठून पाऊस ओसरला की लहान तळ्याचे खरे दिवस सुरू होतात. गाळ खाली बसलेला असतो, पाणी काठोकाठ असते, आणि तरीही खोली बहुतेक ठिकाणी दोन-तीन पुरुषांहून (माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीहून) जास्त नसते. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. एवढ्या खोलीत साध्या फ्लोटची (दोरीवरच्या तरंगत्या बुचाची) उंची हातभर वर-खाली केली की हे तिन्ही थर एकाच बैठकीत तपासता येतात, आणि कोणता मासा कसा ओढतो हे डोळ्यांसमोर कळते. धरणात याच दिवसांत पाणी कित्येक पुरुष खोल आणि मासा सर्वदूर पांगलेला असतो. नवा माणूस दिवसभर बसून रिकाम्या हाताने परततो आणि चूक आमिषाची, जागेची की वेळेची, हे त्याला उमगत नाही.

तळे निवडताना गावकऱ्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा: गेल्या मे महिन्यात ते पूर्ण आटले होते का? कटला, रोहू आणि मृगळ साठलेल्या पाण्यात प्रजनन करत नाहीत, त्यामुळे आटलेल्या तळ्यात या जातींची केवळ यंदाची बोटुकली असते आणि ती गळाला लागली तरी ओल्या हाताने सोडून देणेच योग्य. चिलापीचे मात्र तसे नाही. मूळची आफ्रिकेची ही मासळी वर्षातून अनेकदा वीण घालते, मादी अंडी तोंडात सांभाळते आणि लहान तळ्यात तिची इतकी दाटी होते की वाढच खुंटते. ठेकेदाराची हरकत नसेल तर शिकाऊ माणसाने चिलापी निःशंकपणे घरी न्यावी.

थंडीत फरक पडतो तो पाण्याच्या आकारमानामुळे. पुण्याचे किमान तापमान दहा अंशांच्या खाली उतरते त्या आठवड्यांत उथळ तळे रात्रीतून गारठते आणि मासा आमिषाकडे पाहतही नाही, पण दुपारपर्यंत तेच पाणी लवकर तापते. म्हणून पौषात मी तळ्यावर साडेदहाच्या आधी जात नाही. धरणाचे पाणी हळू थंड होते आणि हळू तापते, त्यामुळे तिथे वेळेचा फरक कमी जाणवतो.

उन्हाळ्यात पारडे पूर्णपणे धरणाकडे झुकते. वीस अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर तीस अंशांना जेमतेम साडेसात. त्यातच रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पतीही तो वापरतात, म्हणून चैत्र-वैशाखातल्या पहाटे लहान तळ्यातले मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात. असा मासा गळातून सोडवून परत टाकला तरी बहुधा जगत नाही. मला ते पाहवत नाही, म्हणून मार्च संपला की मी तळ्यावर जात नाही. शिवाय २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत अनेक तलावांतील गाळ याच काळात निघतो, त्यामुळे पुढच्या वर्षी खोलीचा अंदाज नव्याने घ्यावा लागतो आणि उभ्या कडांच्या खड्ड्यांपासून जपावे लागते.

धरणात मात्र पाणी उतरल्याने मासा जुन्या नदीपात्राच्या आसपास गोळा होतो आणि त्या पात्राची वळणे काठावरून ओळखता येतात. उजनीचा उघडा पडलेला काठ वरून कोरडा आणि आतून लिबलिबीत असतो, तिथे स्थानिक कोळी बांधवांच्या पायवाटेनेच पाण्यापर्यंत जावे. पश्चिमेच्या धरणांत कधी महसीर लागतो. ‘टॉर खुद्री’ या महसीराच्या जातीचे वर्णन ब्रिटिश लष्करी अधिकारी साईक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले होते, आणि आज लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात तिची पैदास करावी लागते. ती लागली तर सोडून द्यावी, असा माझा आग्रह आहे.

साहित्यातही फरक आहे. तळ्यासाठी दहा-बारा फुटी काठी, बारीक तंगूस, लहान गळ आणि आमिषाला गांडूळ किंवा शेंगपेंड मिसळलेली कणीक एवढे पुरते. धरणासाठी रीळ, जाड दोर आणि वजनदार शिसे लागते. ज्यांना फक्त रविवारची सकाळ मोकळी असते, त्यांनी रीळ घेण्याची घाई करू नये आणि कार्तिकात सासवडच्या बाजूचे, न आटणारे, ठेकेदाराने होकार दिलेले एखादे तळे धरावे. संपूर्ण दिवस आणि सोबतीला जाणता माणूस मिळत असेल, तर फाल्गुनात भिगवणला जावे.