जागा विकून मोकळं व्हावं की नादारीचा अर्ज टाकावा?

कारखाना तोट्यात, ओव्हरड्राफ्ट फुगलेला, वर पतसंस्थेचं कर्ज आणि चार ठिकाणचे हातउसने. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीत अशा अवस्थेत अडकलेल्या माणसापुढं सरळ वाटा दोनच: स्वतः जागा विकून देणी भागवायची, नाहीतर कोर्टात नादारीचा, म्हणजे देणी फेडणं शक्य नाही असं जाहीर करून घ्यायचा, अर्ज करायचा. मी एकट्याच्या मालकीच्या धंद्याबद्दल बोलतोय. प्रायव्हेट लिमिटेड असेल, किंवा तुम्ही तसल्या कंपनीला जामीन असाल, तर २०१६ ची दिवाळखोरी संहिता लागते, तो विषय वेगळा. एकट्या माणसाला कोल्हापुरात अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो आणि अर्ज कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात जातो.

विकण्यात मोठा फायदा म्हणजे गिऱ्हाईक आणि भाव तुम्ही ठरवता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणं गहाण टाकलेली जागा सोडवून घ्यायचा हक्क मालकाकडंच राहतो. म्हणून बँकेशी बोलून गिऱ्हाईकाचे पैसे थेट कर्जखात्यात भरायचे, कागदपत्रं सोडवायची आणि खरेदीखत करायचं, हे रोज चालतं. फक्त वेळ बघा. सरफेसी कायद्याची (थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) नोटीस आली की साठ दिवस मिळतात. त्यानंतर बँक ताबा घेऊ शकते, आणि लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की सोडवायचा हक्क संपतो. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही.

हिशेब मांडताना दोन गोष्टींत माणसं हमखास फसतात. एमआयडीसीचा प्लॉट आपला नसतो, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं असतो. विकायला महामंडळाची परवानगी लागते आणि हस्तांतरण शुल्क भरावं लागतं, ते आधी वजा करा. आणि वडिलार्जित जागा असेल तर बहिणींच्या सह्या लागतात, हे गिऱ्हाईक टोकन घेऊन दारात आल्यावर आठवून उपयोग नाही.

नादारीत हे सगळं हातातून जातं. कर्ज पाचशे रुपयांचं असलं तरी अर्ज करता येतो (आकडा १९२० चाच!), पण कोर्टानं नादार ठरवलं की तुमची मालमत्ता कोर्टाकडं किंवा रिसीव्हरकडं (ती सांभाळायला कोर्टानं नेमलेला माणूस) जाते. नादारीतून मुक्तता मिळेपर्यंत वारसानं काही आलं तर तेही. शेतकऱ्याचं राहतं घर आणि कारागिराची हत्यारं वाचतात, राजारामपुरीतला फ्लॅट वाचत नाही. बदल्यात घेणेकऱ्यांना कोर्टाच्या परवानगीशिवाय दावा लावता येत नाही आणि शेवटी मुक्ततेचा हुकूम झाला की साधी देणी सुटतात.

साधी, म्हणजे सगळी नव्हे. गहाण असलेली बँक तिच्या तारणावर मोकळी राहते. सरकारी देणं, जीएसटी धरा, सुटत नाही. आणि जामीनदारही सुटत नाही. आपल्याकडं जामीनदार म्हणजे मेव्हणा नाहीतर तालमीतला दोस्त. तुम्ही नादार झालात की वसुलीवाले त्याच्या दारात. शिवाय नादार माणसाला महापालिकेची निवडणूक लढवता येत नाही. गल्लीगल्लीत भावी नगरसेवक असलेल्या या गावात ही शिक्षा काहींना कर्जापेक्षा जड वाटते.

चहाच्या गाड्यावर तिसरी वाट सांगितली जाते: "घर वहिनींच्या नावावर करून टाक." राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये (उपकर वेगळा), त्यामुळं मोह होतो. या वाटेला जाऊच नका. योगायोग बघा, दोन्ही कायद्यांत यासाठी कलम ५३ च आहे. मालमत्ता कायद्यात घेणेकऱ्यांना बुडवायला केलेलं हस्तांतरण त्यांना रद्द करून घेता येतं. नादारी कायद्यात बक्षीसपत्रानंतर दोन वर्षांत अर्ज येऊन तुम्ही नादार ठरलात, तर ते रिसीव्हरपुढं टिकत नाही. घर जातं आणि कोर्टाचा विश्वासही.

माझं मत असं. जागेची किंमत देण्यांपेक्षा जास्त असेल तर साठ दिवसांची नोटीस यायच्या आत विका, दहा-वीस लाख कमी आले तरी. जागा गहाणात बुडालेली, बाकी देणी बिनतारणी आणि जामीनदार कुणी नसेल, तर नादारी विचारात घ्या. घेणेकरी बिनपरवाना सावकार असेल, तर दोन्हींच्या आधी २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याकडं तक्रार द्या. आणि अर्ज करायचं ठरलं, तर आधीच्या तीन महिन्यांत एकट्या पाव्हण्याचे पैसे गुपचूप फेडू नका. तसं एकाला झुकतं माप दिल्याचं दिसलं, तर ती रक्कम रिसीव्हर त्याच पाव्हण्याकडून परत मागतो.