म्हातारा कारवानी कुत्रा: घरीच सांभाळणे की दयामरण

निफाड, सिन्नर, दिंडोरी भागांतील मळ्यांवर पाळलेला कारवानी, म्हणजे सडपातळ देशी शिकारी वाणाचा कुत्रा दहा-अकरा वर्षांचा होतो, उठताना मागच्या पायांत अडखळू लागतो, पुढ्यातली भाकरी नुसती हुंगून सोडून देतो, आणि मग घरात दोन मते पडतात. त्याला त्याच्या वेळेने, त्याच्या जागेवर जाऊ द्यावे, असे काहींना वाटते. पशुवैद्यांकडून इंजेक्शन देऊन त्याचे हाल थांबवावेत, असे इतरांना वाटते. माया दोन्हीकडे सारखीच असते, म्हणून तुलना करायची ती कुत्र्याच्या वाट्याला प्रत्यक्षात काय येते याची.

त्याआधी एक खात्री करून घेणे आवश्यक आहे. म्हातारपण समजून सोडून दिलेल्या काही गोष्टी बऱ्या होणाऱ्या असतात. मान अचानक एका बाजूला कलते, डोळे भिरभिरतात, कुत्रा तोल जाऊन पडतो, तेव्हा पक्षाघात झाला असे समजून घाईने निर्णय घेतला जातो. पण वृद्ध कुत्र्यांत हा बहुधा कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो आणि दोन-तीन आठवड्यांत बरीच कुत्री पुन्हा चालू लागतात. गोचीड-तापाने खंगलेला कुत्राही म्हातारा भासतो, आणि तो वेळीच उपचार मिळाले तर सावरतो. रक्ततपासणीशिवाय कोणताही पर्याय निवडू नये.

शिकारी वाणाच्या कुत्र्याबाबत मोजमाप बहुतेक वेळा चुकते ते दोन ठिकाणी. पहिले धावण्याचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सशाची शिकारही गुन्हा आहे, त्यामुळे आजचा कारवानी मुख्यतः राखणीचा कुत्रा आहे. तरीही तो पळेनासा झाला की ‘आता काय राहिले’ असे मालक म्हणून जातात. पळणे थांबले म्हणजे जगणे संपले, असे मला वाटत नाही. उन्हात अंग टाकून पडण्याचे सुख या वाणाला तरुणपणीही कमी प्रिय नसते. दुसरी चूक अंगकाठीची. याच्या शेवटच्या बरगड्या निरोगी असतानाही दिसतात, म्हणून बरगड्यांवरून अंदाज न बांधता मांडीचा आणि पाठीच्या कण्यालगतचा मांसल भाग हाताने चाचपून पाहावा. तो ओसरत असेल, तर आजार आत शिरला आहे. वेदना ही कुत्री फारशी बोलून दाखवत नाहीत. उभ्याने धापा टाकणे, रात्री जागा बदलत राहणे, एकच पाय सतत चाटणे, एवढ्यावरूनच ती ओळखावी लागते. अमेरिकी पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टी येथे उपयोगी पडते: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटांपेक्षा जास्त चांगले दिवस, अशा सात बाबींना प्रत्येकी १० पैकी गुण द्यायचे (स्थिती जितकी चांगली, वेदना जितकी आटोक्यात, तितके गुण जास्त), बेरीज ३५ च्या वर असेल, तर सांभाळणे चालू ठेवण्यास आधार आहे.

घरी सांभाळण्याचा मोठा लाभ म्हणजे परिचित जागा आणि माणसे. सांधेदुखी, अंधत्व, बहिरेपण यांत हाच पर्याय योग्य आहे. मात्र त्यासाठी जाड अंथरूण, कूस बदलणे, लघवीने ओले झालेले अंग पुसणे आणि पंचवीस-एक किलोचा कुत्रा उचलणारे कोणी तरी घरात हवे. निफाडच्या थंडीत आखडलेल्या सांध्यांना ओटा पुरत नाही, आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असताना साखळीला बांधलेला म्हातारा कुत्रा बाहेर ठेवणे म्हणजे नैसर्गिक मरण नव्हे. घरातली माणसांची वेदनाशामके देऊ नयेत. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. झोपेत शांतपणे गेलेली कुत्री असतात, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. मूत्रपिंडाच्या आजारात शेवटचे दिवस उलट्या आणि शोष यांत जातात, छातीत पाणी साचले तर श्वासासाठी धडपडण्यात.

दयामरणात हा शेवटचा टप्पा टळतो. त्याची किंमत म्हणजे दिवस आपण ठरवायचा असतो. प्रथम गुंगीचे औषध, मग शिरेतून थायोपेंटोन किंवा पेंटोबार्बिटलसारख्या औषधाची जादा मात्रा, असा योग्य क्रम आहे. नंतर शुद्ध जाऊन काही मिनिटांत हृदय थांबते. डोळे उघडे राहतात आणि एखादा उसासा येऊ शकतो, हे आधी ठाऊक असलेले बरे. शुद्धीवर असलेल्या कुत्र्याला नुसते मॅग्नेशियम सल्फेट देणे क्रूर आहे, म्हणून कोणते औषध कोणत्या क्रमाने देणार हे संकोच न करता विचारावे. फार उशीर केला तर रक्तदाब उतरून शीर सापडणेही अवघड होते. विष घालणे हा पर्यायच नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे.

देहाच्या बाबतीत दोन्ही पर्याय सारखे नाहीत. इंजेक्शनचे औषध शरीरात टिकून राहते आणि तो देह खाणारा प्राणी मरू शकतो. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडे आहेत, हे लक्षात घेऊन मळ्यातला खड्डा खोल आणि विहिरीपासून दूर घ्यावा. उघड्यावर किंवा पाटात तर कोणताच देह टाकू नये.

माझे मत आजारागणिक बदलते. सांधे कुरकुरत असतील पण खाणे आणि ओळख शाबूत असेल, तर महिनोन्‌महिने थांबावे. पायाच्या हाडाचा बळावलेला कर्करोग, उलट्या न थांबणारा मूत्रपिंडाचा विकार किंवा धाप यांत मात्र थांबून कुत्र्याला काही मिळत नाही; हाड कधीही, अगदी रात्रीही मोडू शकते. अशा वेळी तालुक्यातून नाशिकपर्यंत गाडीत कळवळत नेण्यापेक्षा, पशुवैद्य मळ्यावर येऊ शकतील अशी कामाच्या दिवसाची सकाळ आधी ठरवावी. घरी सांभाळायचे ठरले, तरी रात्री कोणाला फोन करायचा आणि तोवर कोणते वेदनाशामक किती द्यायचे, हे पशुवैद्यांकडून लिहून घ्यावे.