आठ महिने वापरल्यावर: क्लाउडवरचे बोअर लॉग आणि ‘५०/८’चा घोळ

बोअर लॉग, म्हणजे जमिनीत भोक पाडताना किती खोलीला काय लागलं त्याची नोंद, आठ महिने एका क्लाउड ॲपवर ठेवतोय. त्याने काढलेल्या यावलकडच्या एका पुलाच्या सेक्शनमध्ये (जमिनीच्या थरांचा उभा छेद) ७ मीटरला चक्क मऊ थर दिसला, म्हणून हे लिहितोय. कागदी लॉगमध्ये त्याच खोलीला ‘५०/८’ आहे: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून ५० वेळा पडला आणि मातीत ठोकायची नळी जेमतेम ८ सेंटीमीटर गेली. ॲपच्या एन व्हॅल्यूच्या (नळी ३० सेंटीमीटर घुसायला लागलेले ठोके) रकान्याला फक्त पूर्णांक समजतो. तिरकी रेघ टाकली तर नोंद सेव्ह होते, पण सेक्शन काढताना ती जागा रिकामी धरून वरचा १४ तसाच खाली ओढला जातो. रेघ गाळून नुसते ५० लिहिले तर घट्ट मुरूम आणि पाषाण एकाच रंगात येतात. घाईत कुणी ५०८ लिहिलं तर विचारायलाच नको.

एवढ्या एका रकान्यावरून दोन स्टार कापले, आणि ते जास्त नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याला गाळात मोठे धोंडे असतात. नळी धोंड्यावर अडली काय किंवा खऱ्या खडकावर अडली काय, ठोके सारखेच. किमान ३ मीटर कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) काढला तरच कळतं: ६० सेंटीमीटर बेसाल्ट आणि खाली पुन्हा वाळू, म्हणजे धोंडा. त्यावर पाइल (पायाचा खोल खांब) टेकवली तर पूल खचेल.

उपाय आहे. ‘कस्टम फील्ड’मध्ये १५ सेंटीमीटरच्या तिन्ही टप्प्यांना ठोके वेगळे, घुसण वेगळी असे रकाने करा; ‘कशावर अडली’ हा चौथा. पहिला टप्पा नळी बसवण्यापुरता, तो एन व्हॅल्यूच्या बेरजेत धरायचा नाही. हे सगळं बोअर सुरू व्हायच्या आधी करा, नंतर जुन्या नोंदी एकेक उघडून भराव्या लागतात.

पहिल्या महिन्यात नेटवर्कवरून मत वाईट होतं, ते आता बदललंय. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहते, रात्री वायफायवर चढते. आणि कोअर बॉक्सच्या फोटोसाठी तर मी हे पुन्हा घेईन. पेटी पिकअपमध्ये चढवण्याआधी, कोअर ओला असताना, शेजारी टेप ठेवून फोटो काढा. खड्ड्यांतून जाताना तुकडे मोडतात आणि लॅबमध्ये १० सेंटीमीटरपेक्षा लहान भरतात. मग आरक्यूडी (१० सेंटीमीटर किंवा मोठ्या तुकड्यांची टक्केवारी, खडक किती अखंड ते सांगणारी) उगाच घसरतो. फोटो असला की ताजा तुटलेला तुकडा कोणता ते दिसतं, तो जोडूनच मोजायचा.

तापीकाठच्या घळींत खोलीवरून सेक्शन काढू नका, आरएल (एका ठरलेल्या पातळीपासूनची उंची) टाका. बोअरमधल्या पाण्याच्या पातळीला तारीख हवीच. मे आणि सप्टेंबरचा आकडा एक नसतो.

पैसे प्रत्येक लॉगिनमागे लागतात. दोनच घ्या, एक साइट इंजिनिअरला, एक ऑफिसला. बोअर पाडणाऱ्या रिगवाल्याला छापील फॉर्म पुरतो. घेण्याआधी एजीएस फॉरमॅटमध्ये (बोअरचा डेटा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा ठरलेला साचा) सगळा डेटा बाहेर निघतो का, ते स्वतः काढून बघा.

रकान्याबद्दल कंपनीला चारदा लिहिलं. ‘पुढच्या आवृत्तीत’ हेच उत्तर. तोपर्यंत रोज संध्याकाळी एन व्हॅल्यूचे रिकामे रकाने फिल्टर करून कागदाशी ताडा.