‘आपल्या प्रभागातलं काम सुचवा’ योजना: तीन तारे, त्यातला एक रेलिंगचा

महापालिकेचं नाव लिहीत नाही. आमचा जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, पोरगेला आहे, माझ्यामुळे त्याची बदली नको.

योजना साधी आहे. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात प्रभागात काय हवं ते एका पानाच्या फॉर्मवर लिहायचं आणि क्षेत्रीय कार्यालयात द्यायचं. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरानं लोकांना विचारून अंदाजपत्रक करायला 1989 मध्ये सुरुवात केली, पुण्यानं 2006 मध्ये. आमच्याकडे ही गाडी बरीच उशिरा आली. मी पतसंस्थेत 31 वर्षं काढली, त्यातली शेवटची 12 वसुली खात्यात. त्यामुळे फॉर्म देऊन घरी वाट बघत बसणं मला जमत नाही.

सप्टेंबरात मी तीन कामं दिली. पहिलं, मंडईमागच्या दवाखान्याच्या सात पायऱ्यांना रेलिंग. दुसरं, वाचनालय संध्याकाळी 8 पर्यंत उघडं ठेवणं. तिसरं, मंडईतलं बायकांचं स्वच्छतागृह रोज उघडं ठेवणं.

रेलिंग झालं. जेई टेप घेऊन आला, मोजलं, एस्टिमेट केलं, फेब्रुवारीत अंदाजपत्रकाच्या पुस्तकात एक ओळ दिसली आणि जूनमध्ये स्टीलचा पाइप बसला. आमच्या सासूबाई आता कुणाचा हात न धरता डॉक्टरांपर्यंत जातात. एक तारा त्याचा. दुसरा तारा आवक-जावकला बसणाऱ्या बाईंचा, न मागता शिक्का मारून पोच देतात.

बाकी दोन्ही अर्ज परत. कारण विचारलं तर जेई म्हणाला, “काकू, हे काम नाही ना, हा खर्च झाला.”

मला आधी हसू आलं. मग कळलं, तो बरोबर बोलत होता, चूक फॉर्मची आहे. फॉर्मवर रकाने आहेत ते कामाचं नाव, जागा, अंदाजे लांबी-रुंदी. म्हणजे जे बांधता येतं, ओतता येतं, बसवता येतं तेच मागायचं. त्याला भांडवली खर्च म्हणतात. माणसाचा पगार, फिनेल, पाणी, विजेचं बिल हा महसुली खर्च, आणि या योजनेत त्याला लेखाशीर्षच नाही, म्हणजे तो खर्च टाकायला हिशेबात खातंच नाही. नवं स्वच्छतागृह मागितलं असतं तर कदाचित मिळालं असतं. बांधलेलं उघडा म्हटलं, तर नाही.

आणि ते बांधलेलं आहे हो! गुलाबी टाइल्स, दारावर उद्घाटनाची पाटी, पाटीखाली कुलूप. साफ करायला माणूस नाही म्हणून बंद. मंडईत बायका पहाटे 5 ला माल घेऊन येतात. माझी मेथीवाली म्हणते, “ताई, मी घरी जाईपर्यंत पाणीच पीत नाही.” तिला दोनदा मुतखडा झालाय. दोन पाळ्यांना दोन बायका ठेवायच्या, एवढाच प्रश्न आहे.

त्याच यादीत मंजूर काय झालं? बाकडी, पेव्हर ब्लॉक, कमान, पुन्हा बाकडी. एक बाक तर विजेच्या डीपीकडे तोंड करून ठेवलाय, तिथे बसून माणसानं बघायचं काय? ज्या चौकात ब्लॉक बसले तिथले जुने ब्लॉक मी स्वतः मार्चएंडला उखडताना पाहिले होते, चांगले होते. दोष फक्त पालिकेचा नाही. आमच्याच सोसायट्यांनी ती बाकडी मागितली. अंदाजपत्रक म्हटलं की आपल्यालाही सिमेंटच आठवतं.

स्वच्छतागृहासाठी पुन्हा अर्ज दिला, त्याला मी संविधानाच्या बाराव्या अनुसूचीची झेरॉक्स टाचली. 74 व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांकडे देता येतील असे 18 विषय तिथे दिलेत. क्रमांक 3 आर्थिक आणि सामाजिक विकासाचं नियोजन, क्रमांक 17 सार्वजनिक सोयी, त्यात दिवे, बसथांबे आणि स्वच्छतागृहं. मी पेन्सिलीनं खूण केली. जेईनं मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाला, “साहेबांना दाखवतो.” साहेबांनी पाहिला असावा, कारण उत्तर लेखी आलं: लेखाशीर्ष उपलब्ध नाही. लेखी आलं म्हणून तिसरा तारा.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगते. एका फॉर्मवर एकच काम लिहा, तीन लिहिली की सोपं तेवढं उचलतात. जागेचा फोटो जोडा. अंदाजपत्रकाचं पुस्तक निघालं की आपली ओळ शोधा, आणि दिवाळीनंतर परत विचारा, कारण तरतूद ‘वर्गीकरण’ करून दुसऱ्या कामाकडे वळवली की तुम्हाला कुणी फोन करत नाही. आणि दुपारी 1 ते 3 जाऊ नका.

यंदा मी एकच फॉर्म भरलाय. ‘कामाचं नाव’ या रकान्यात लिहिलंय: कुलूप काढणे. लांबी-रुंदी रिकामी सोडली. आवक क्रमांक मिळाला आहे. तोवर मंडईतल्या बायकांनी चावीची एक नक्कल करून घेतलीय, ती लिंबूवाल्याच्या गल्ल्यात असते. मेथीवाली आणि तिची जाऊ आळीपाळीनं बादलीभर पाणी ओततात. फिनेल मी नेऊन देते, पावत्या फाइलला लावून ठेवल्यात.