ईटनचा गणवेश: कोट उत्तम, कॉलर कटकटीची

इंग्लंडमधल्या ईटन कॉलेज या मुलांच्या निवासी शाळेचा गणवेश कपडा म्हणून कसा आहे, हे फारसं कुणी लिहीत नाही. फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण हा गणवेश पोरं वर्गात रोज घालतात, तेव्हा त्याकडे रोजच्या वापराचा कपडा म्हणूनच बघायला हवं.

काळा टेलकोट (मागे शेपट्या असलेला कोट), आत बिनबाह्यांचा काळा वेस्टकोट, उभ्या बारीक रेघांची विजार, बिनकॉलरचा पांढरा शर्ट आणि वरून लावायची कडक कॉलर, एवढा हा संच. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या निधनाचं (१८२०) सुतक म्हणून काळा रंग आला, ही कथा हौसेनं सांगितली जाते. तिला भक्कम आधार नाही. पूर्वी पाच फूट चार इंचांखालच्या मुलांना शेपटीचा कोट मिळतच नसे. कमरेपाशी संपणारं आखूड जाकीट आणि त्यावर बाहेर काढलेली रुंद कॉलर, असा त्यांचा थाट. थंडीत मागची बाजू उघडी पाडणाऱ्या त्या जाकिटाला पोरांनी ‘बमफ्रीझर’ नाव ठेवलं होतं. १९६७ मध्ये ते गेलं, आणि बरंच झालं.

कोटाला पैकीच्या पैकी गुण. तो पुढून बंद होत नाही. तसाच बेतलेला असतो. म्हणून छातीचं माप ओढून-ताणून घेऊ नका, खांद्यावर नीट बसला की झालं. वाढत्या मुलासाठी बाहीच्या आत दोन इंच तरी दुमड ठेवून घ्या. शेपट्यांचं अस्तर आधी फाटतं, कारण बाकावर बसताना त्या बाजूला घ्यायच्या राहतात.

विजार कमरेवर उंच बसते आणि गॅलिसने धरलेली असते. पट्टा लावला की ती खाली घसरते आणि वेस्टकोटाखालून शर्टाची पांढरी पट्टी डोकावते. गबाळेपणाचं कारण बहुतेकदा हेच असतं, आणि दोष मात्र शिंप्याला मिळतो.

खरी डोकेदुखी कॉलर. ती शर्टाच्या गळपट्टीपेक्षा अर्धा इंच मोठी हवी. त्याच मापाची घेतली तर पुढची टोकं जुळत नाहीत आणि मानेला काच पडतो. लावायचा क्रम ठरलेला आहे. आधी मागची सुटी, आखूड गुंडी शर्टाच्या काजात घालून कॉलर मागे अडकवायची. मग पांढऱ्या टायची अरुंद पट्टी कॉलरच्या दुमडीत सरकवायची. पुढची लांब गुंडी सगळ्यात शेवटी. पुढून सुरुवात केली की मागची बाजू वर चढते, आणि मग आरशासमोर दहा मिनिटं जातात. कॉलर घरच्या मशीनमध्ये टाकू नये. खळ निघून जाते, आणि घरी खळ करून फार तापलेली इस्त्री फिरवली की पिवळे डाग पडतात. कडेचे धागे उसवले की मान सोलवटते; तेव्हा कात्रीने कापत बसण्यापेक्षा ती कॉलर टाकून द्यावी.

सगळ्यांना एकसारखं करणारा हा पोशाख वाटतो, पण त्यात उतरंड ठासून भरली आहे. १४४० साली राजा सहाव्या हेन्रीने शाळा काढली ती गरीब विद्यार्थ्यांसाठी. आजही सत्तर ‘किंग्ज स्कॉलर’, म्हणजे शिष्यवृत्तीवरची मुलं, कोटावर काळा झगा घालतात. त्यांना ‘टग’ म्हणतात, लॅटिन ‘टोगा’वरून. बाकीचे ‘ऑपिडन’, म्हणजे गावात राहणारे. वरच्या वर्गातल्या काही पदाधिकाऱ्यांना उभी कॉलर आणि पांढरा बो मिळतो. तिला ‘स्टिक-अप्स’ म्हणतात. १८११ मध्ये वादविवाद मंडळ म्हणून निघालेल्या ‘पॉप’च्या सदस्यांना मात्र वेस्टकोट हव्या त्या रंगाचा घालता येतो, शिवाय चौकटीची विजार. फुलाफुलांचा, भडक, काहीही चालतो. संपूर्ण काळ्या शिस्तीत तो चटकन डोळ्यांत भरतो, आणि हेतूही तोच. कपड्याने पद सांगायची ही पद्धत आम्हाला मजेशीर वाटते; पण तेरा वर्षांच्या नव्या मुलाला ती कशी वाटत असेल, हे निराळं.

खरेदी शक्यतो ईटनच्या हाय स्ट्रीटवरच्या जुन्या शिंप्यांकडे करावी. यातली न्यू अँड लिंगवुड ही पेढी १८६५ पासूनची. बाहेरच्या दुकानात मिळणारा समारंभाचा टेलकोट चालणार नाही: त्याचा वेस्टकोट पांढरा असतो आणि विजारीला रेघा नसतात. वापरलेला कोट घ्यायला हरकत नाही, मुलं उंचीने भराभर वाढतात आणि कोट झिजायच्या आधी तोकडे होतात. फक्त काखेतली शिवण उजेडात धरून बघा. कॉलर मात्र जुनी घेऊ नका.