घरातली सायकल: स्पिन क्लास, एक्सरसाइज बाइक की ट्रेनर?

जूनमध्ये पाऊस लागला की पुण्या-मुंबईत दोन प्रकारची माणसं एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात. एक म्हणजे रोज पहाटे सायकल घेऊन बाहेर पडणारी, ज्यांना आता चार महिने खड्डे आणि चिखल दिसतोय. दुसरी म्हणजे चाळिशी ओलांडलेली, दोन जिने चढून धाप लागणारी, ज्यांना डॉक्टरांनी 'काहीतरी व्यायाम सुरू करा' असं सांगितलंय. घरात किंवा जिममध्ये सायकल चालवायची हे दोघांचंही ठरलेलं असतं, पण ती कशावर, हे ठरलेलं नसतं: स्पिन क्लासमध्ये (गाण्यांवर, शिकवणाऱ्यासोबत सगळ्यांनी मिळून चालवायचा वर्ग), एक्सरसाइज बाइकवर, की ट्रेनरवर, म्हणजे आपलीच सायकल बसवायच्या स्टँडवर.

बहुतेक जण आधी मशिन घेतात आणि त्यावर करायचं काय, याचा विचार नंतर करतात. माझं सांगणं उलट आहे. दम वाढतो तो पायांवर आणि हृदयावर पडणाऱ्या भारामुळे. आज किती भार दिला हे कळतं का आणि पुढच्या आठवड्यात तेवढाच किंवा थोडा जास्त भार देता येतो का, एवढं पाहा. ज्या मशिनवर हे जमतं ते चांगलं. म्हणून आधी व्यायामाचं बोलू.

सावकाश, जोरात, की मधलं?

सावकाश म्हणजे शेजारी कोणी असेल तर पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतपत. घाम येतो, पण श्वास तुटत नाही. यात हृदयाची एका ठोक्याला रक्त ढकलायची ताकद वाढते, स्नायूंमधलं केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि चरबी जाळण्याची क्षमता सुधारते. मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी अंग दुखत नाही, त्यामुळे व्यायाम पुन्हा करता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत मोठ्यांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरदार व्यायाम सांगितला आहे. सावकाश सायकलिंग हा त्यातला पहिला रस्ता. त्याला वेळ जास्त लागतो आणि भिंतीकडे तोंड करून तासभर पेडल मारायचा कंटाळा येतो, हे खरंच आहे.

जोरात म्हणजे इंटरव्हल: थोडा वेळ जोर, मग थोडी विश्रांती, असं आलटून पालटून. इथे सगळ्यात जास्त गैरसमज 'तबाता'बद्दल आहेत. जपानचे इझुमी तबाता यांचा 1996 चा अभ्यास सायकल एर्गोमीटरवरच (भार मोजणाऱ्या स्थिर सायकलवर) झाला होता. त्यात 20 सेकंद जोर आणि 10 सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्या होत्या. पण तो जोर म्हणजे शरीराच्या कमाल ऑक्सिजन क्षमतेला (मिनिटाला जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरता येतो, त्याला) लागणाऱ्या ताकदीच्या सुमारे 170 टक्के. आठवी फेरी संपताना माणूस पुढे पेडल मारूच शकत नाही, इतका. सहा आठवड्यांनी त्या गटाची ऑक्सिजन क्षमता किलोमागे मिनिटाला 7 मिलिलिटरने वाढली. आठवड्यात पाच दिवस तासभर मध्यम गतीने चालवणाऱ्या दुसऱ्या गटाची 5 ने. फरक आहे, पण चार मिनिटांत चमत्कार होतो असं म्हणण्याइतका मोठा नाही. शिवाय ते सगळे तरुण, आधीच तंदुरुस्त विद्यार्थी होते आणि तबाता गटही आठवड्यात एक दिवस अर्धा तास मध्यम गतीने चालवत होता. जिममध्ये तबाताच्या नावाने जे चालतं, त्यात हा जोर क्वचितच असतो. नवशिक्याने तो करूही नये.

त्यापेक्षा मला नॉर्वेतून आलेला '4 गुणिले 4' जास्त पटतो. दहा मिनिटं वॉर्म-अप. मग चार मिनिटं असा जोर, की कमाल हार्ट रेटच्या 90 ते 95 टक्क्यांपर्यंत ठोके जातील. मग तीन मिनिटं हलकं. असं चार वेळा. यावरचा 2007 चा गाजलेला अभ्यास सायकलवर नव्हे, धावण्यावर झाला होता आणि आठ आठवड्यांत त्यांची ऑक्सिजन क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढली होती. सायकलवरही पद्धत तीच.

प्रत्यक्षात हे असं जातं. पहिल्या चार मिनिटांत ठोके वर चढायलाच दीड-दोन मिनिटं लागतात, म्हणून वाटतं की भार कमी ठेवलाय आणि हात भार वाढवायच्या नॉबकडे जातो. जाऊ देऊ नका. दुसऱ्या फेरीत भार बरोबर वाटतो. तिसऱ्या फेरीच्या शेवटच्या मिनिटात बोलणं दोन-तीन शब्दांवर येतं. चौथी फेरी पहिलीइतक्याच भारावर पूर्ण झाली तर भार योग्य होता. पाय बंद पडले तर पुढच्या वेळी पहिल्याच फेरीत थोडा कमी ठेवा.

कमाल हार्ट रेटचा अंदाज काढायला 208 मधून वयाच्या 0.7 पट वजा करा. 45 वर्षांच्या माणसाचा येतो सुमारे 176. म्हणजे जोराच्या फेरीत 159 ते 168 आणि सावकाशच्या दिवशी 130 च्या आसपास किंवा खाली. हा सरासरीचा आकडा आहे, माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनी तर या सूत्रावर अजिबात जाऊ नये, कारण त्या गोळीने ठोके मुळातच दबतात. त्यांच्यासाठी बोलता येतंय का, हीच खरी कसोटी. मधुमेह, रक्तदाब असेल, किंवा चालताना छातीत कधी दुखलं असेल, तर इंटरव्हलआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

मधला प्रकार म्हणजे 'स्वीट स्पॉट'. साधारण तासभर टिकवता येईल अशा कमाल ताकदीला सायकलवाले एफटीपी म्हणतात. तिच्या 88 ते 94 टक्क्यांवर वीस-वीस मिनिटांचे दोन तुकडे. ज्याच्याकडे वॉट मोजणारं यंत्र आहे आणि आठवड्याला चार-पाच तासच आहेत, त्या सायकलपटूला हा फार उपयोगी. बाकीच्यांनी सध्या सोडून द्यावा.

नव्याने सुरू करणाऱ्याला माझा हिशेब असा: आठवड्याला चार दिवस, त्यात तीन सावकाश, एक जोराचा. पहिले तीन-चार आठवडे तो जोराचा दिवसही नको. रोज थोडं जोरात, थोडं दमून, हा जो मधला मार्ग बहुतेक जण आपोआप धरतात, त्यात थकवा साचतो आणि प्रगती लवकर थांबते.

आता मशिन

स्पिन क्लासची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे तिथे तुम्ही जाता. वेळ ठरलेली, पैसे भरलेले, शेजारी वीस माणसं, समोर शिकवणारा. घरात दहाव्या मिनिटाला उतरणारा माणूस तिथे पाऊण तास टिकतो. ज्याला एकट्याने काही जमतच नाही, त्याने निःशंक क्लास लावावा.

अडचण भाराची आहे. 'एक राउंड वाढवा', म्हणजे भाराचा नॉब एक फेरा फिरवा, असं शिकवणारा सांगतो, पण एका बाइकचा एक राउंड म्हणजे शेजारच्या बाइकचा एक राउंड नव्हे, विशेषतः लोकरी पॅड घासून ब्रेक लावणाऱ्या जुन्या बाइकवर. काल मिळालेली बाइक आज मिळेलच असं नाही. शिवाय क्लास नेहमी जोराचाच असतो. सावकाश दिवस कोणी घेत नाही, कारण त्यात गाण्यांची गंमत नाही. म्हणून आठवड्याला एक-दोन क्लास आणि बाकी दिवस भरभर चालणं किंवा घरची सायकल, ही जोडी चांगली. आणि पहिल्याच क्लासला जीव तोडून चालवू नका. सवय नसलेल्या माणसाने पहिल्याच स्पिन क्लासमध्ये अति केल्यावर मांडीचे स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. नंतर मांड्या प्रचंड सुजल्या किंवा लघवी चहासारखी काळपट झाली, तर घरी न थांबता थेट दवाखाना गाठावा.

घरच्या बाइकमध्ये दोन जाती. उभ्या बसण्याची हलकी मॅग्नेटिक (लोहचुंबकाने भार देणारी) एक्सरसाइज बाइक साधारण दहा-पंधरा हजारांपासून मिळते, फारसा आवाज करत नाही आणि आईवडील, सून, मुलगा असे सगळे वापरतात. सावकाश व्यायामाला ती पुरते. जोराच्या फेरीत मात्र हलकी बाइक डुलते आणि वरच्या लेव्हललाही भार कमी पडतो. दुसरी स्पिन बाइक, जड फ्लायव्हीलची, म्हणजे पेडलसोबत फिरणाऱ्या वजनदार चाकाची. इथे एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत. या फ्लायव्हीलला पाय कायम जोडलेले असतात. भार कमी ठेवून पाय गरगर फिरवले की फ्लायव्हीलच पाय फिरवतं, मिनिटाला पेडलच्या फेऱ्यांचा आकडा 110 दाखवतो आणि काम होतं नगण्य. पाय अचानक थांबवायला गेलात तर गुडघ्याला झटका बसतो. थांबायचं तर नॉब खाली दाबून ब्रेक लावायचा. भार एवढा हवा, की मिनिटाला 80 ते 95 फेऱ्यांत प्रत्येक फेरी पायाने ढकलावी लागेल.

घ्यायचीच तर पॅडऐवजी मॅग्नेटिक रेझिस्टन्सची, आकड्यांत लेव्हल दाखवणारी घ्या. सोबत छातीला बांधायचा हार्ट रेट पट्टा घ्या. 'मागच्या मंगळवारी लेव्हल 9, 85 फेऱ्या, ठोके 162' असं वहीत लिहिता आलं, की अर्धं काम झालं. स्क्रीनवरच्या कॅलरीवर विश्वास ठेवू नका. ज्या यंत्रावर खरे वॉट मोजले जातात तिथे मात्र हिशेब सोपा आहे: केलेल्या कामाचे किलोज्यूल आणि खर्च झालेल्या कॅलरी जवळपास सारख्याच भरतात. 120 वॉटने तासभर म्हणजे सुमारे 430.

ट्रेनर हा आधीच सायकल असलेल्यांसाठी. मागचं चाक रोलरवर टेकवायचा साधा ट्रेनर स्वस्त, पण टायर झिजतो, माउंटन बाइकचा गुठळ्यांचा टायर लावला तर शेजारी तक्रार करतात, आणि हवेचा दाब बदलला की भार बदलतो. दर वेळी हवा तपासायची शिस्त असेल तरच तो घ्या. चाक काढून सायकल थेट बसवायची तो डायरेक्ट ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनर. किंमत पन्नास हजारांच्या पुढे, चांगले लाखाच्या घरात. मोजमापात याला तोड नाही, चांगल्या यंत्रांची चूक एक-दोन टक्क्यांच्या आत असते. त्याचा अर्ग मोड तुम्ही सांगाल तेवढे वॉट धरून ठेवतो, तुम्ही गिअर बदला वा बदलू नका. यात एक सापळा आहे: दमून पायांचा वेग कमी झाला की वॉट राखायला यंत्र भार वाढवतं, मग वेग आणखी पडतो आणि पाय जागीच अडकतात. तसं व्हायला लागलं की मोड क्षणभर बंद करा, वेग पुन्हा 85-90 वर आणा आणि परत सुरू करा.

ट्रेनरला जोडून स्क्रीनवर सायकल चालवायच्या झ्विफ्टसारख्या ॲपला महिन्याचं शुल्क आहे, मायवूश मोफत आहे. सात गिअरच्या साध्या हायब्रिडला डायरेक्ट ड्राइव्ह बसवताना कॅसेटचा (मागच्या गिअरच्या चक्रांचा) घोळ होतो, म्हणून सायकल दुकानात नेऊन बसवून पाहा. ऑक्टोबरनंतर 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करायची असेल, 13 तास 30 मिनिटांच्या मुदतीत, तर पावसाळ्यातले महिने स्मार्ट ट्रेनर वाया जाऊ देत नाही. पण ढुंगणाला सीटची सवय आणि वाऱ्यातलं चालवणं ट्रेनर शिकवत नाही. पाऊस उघडला की बाहेर निघावंच लागतं.

हातांनीही ढकलायची एअर बाइक दोन-तीन मिनिटांत घाम काढते आणि छोट्या इंटरव्हलसाठी उत्तम, पण फार आवाज करते. फ्लॅटमध्ये नको.

पंखा विसरू नका

पेडलवर 150 वॉट पोचवताना शरीर साडेचारशे वॉटहून जास्त उष्णता तयार करतं. बाहेर वारा ती उडवून नेतो, घरात नेत नाही. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत घाम सुकतच नाही, ठोके दहा-पंधराने वर जातात आणि तुम्हाला वाटतं ताकद कमी झाली. मोठा पंखा समोरून छातीवर यायला हवा, छताचा पुरत नाही. हँडलवर टॉवेल टाका, नाहीतर घामाच्या मिठाने हेडसेटचे, म्हणजे हँडल फिरतं त्या सांध्याचे, बोल्ट गंजतात. खाली जाड रबरी मॅट घातली की खालच्या मजल्यावर घरघर जात नाही.

सायकलिंगने हाडांवर वजन पडत नाही, म्हणून आठवड्यात दोन दिवस स्क्वॉट, पुशअप, वजनं हवीतच. पन्नाशीच्या बायकांनी तर हे मुळीच टाळू नये.

कोणी काय घ्यावं

नवशिक्या, घरी चार माणसं वापरणार, बजेट मर्यादित: आकड्यांची मॅग्नेटिक बाइक आणि छातीचा पट्टा. एकट्याने टिकत नाही असा अनुभव असेल: तीन महिन्यांचा क्लास, मशिन नंतर. रस्त्यावर सायकल चालवणारा: पैसे असतील तर डायरेक्ट ड्राइव्ह, नसतील तर साधा ट्रेनर आणि हार्ट रेट पट्टा. दोन्हींच्या मधलं, वॉटचा फक्त अंदाज दाखवणारं महागडं यंत्र मी घेणार नाही.

जुनी बाइक घेतली तर निम्म्या किमतीत काम होतं, कारण बाजारात फारशी न वापरलेली यंत्रं भरपूर येतात. बघायला जाताना बूट घालून जा आणि दहा मिनिटं चालवा. पेडल प्रत्येक फेरीला एकाच जागी 'टक' करत असेल तर पेडल किंवा त्याचा दांडा सैल असू शकतो, किंवा बॉटम ब्रॅकेटचं (दोन्ही दांडे जोडणाऱ्या मधल्या आसाचं) बेअरिंग गेलेलं असू शकतं. भार वाढवून उभं राहून चालवल्यावर फ्रेम डुलते का पाहा. सीट एवढी वर जाते का, की टाच पेडलवर ठेवल्यावर खालच्या टोकाला गुडघा सरळ होईल, हेही बघा. उंच माणसाला ती खालीच राहते आणि मग गुडघे दुखतात. सीटच्या दांड्याचा स्क्रू गंजून बसला असेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.